विस्कॉन्सिन सुप्रीम कोर्टाची निवडणूक: उमेदवाराची न्यायदृष्टी ओळखायची कशी?

वॉवाटोसाकर:
विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टासाठी पहिल्यांदाच मत द्यायचं आहे. आपल्याकडे न्यायमूर्ती कॉलेजियममधून येतात, त्यामुळे न्यायमूर्तिपदासाठी कुणी मतं मागतंय हेच मुळात नवीन. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. घरी येणारी पत्रकं वाचून काही कळत नाही: एक म्हणतो ‘कायदा लिहिलाय तसाच वाचेन’, दुसरी म्हणते ‘सगळ्यांच्या हक्कांचं रक्षण करीन’. दोन्ही वाक्यांना नाही कोण म्हणेल? उमेदवार खरोखर निकाल कसा देईल हे ओळखायला नेमकं काय वाचावं? १० वर्षांसाठी निवडायचंय, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

तळटीप:
पत्रकं बाजूला ठेवा आणि निकालपत्रं उघडा. सुप्रीम कोर्ट आणि अपील कोर्टाची निकालपत्रं राज्याच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. २००० पासून प्रत्येकाला वर्ष, ‘डब्ल्यूआय’ (विस्कॉन्सिनचं लघुरूप) आणि अनुक्रमांक असतो, परिच्छेदांनाही क्रमांक असतात. सुरुवात २००४ डब्ल्यूआय ५८ पासून करा, म्हणजे कलाल खटला. कायदा कसा वाचायचा याची या राज्यातली पायरी तिथे आहे: आधी शब्दांचा रोजचा अर्थ, मग आजूबाजूची कलमं आणि कायद्याची रचना. अर्थ तिथेच स्वच्छ लागला तर थांबायचं. दोन अर्थ निघत असतील तरच विधेयकाच्या मसुद्यांच्या फायली वगैरे बाहेरचा पुरावा. ‘लिहिलाय तसा वाचणार’ म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न हाच, की शब्द दोन्हीकडे झुकतात तेव्हा तुम्ही पुढे कशाकडे वळता?

एकच खटला जवळून बघायचा तर टपाली मतांच्या पेट्यांचा बघा. राज्याच्या निवडणूक कायद्याचं कलम ६.८७ म्हणतं, मतपत्रिका टपालाने पाठवावी किंवा मतदाराने स्वतः ‘टू द म्युनिसिपल क्लर्क’, म्हणजे गावाची निवडणूक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पोचवावी. २०२२ मध्ये (टायगन, २०२२ डब्ल्यूआय ६४) ४ विरुद्ध ३ मतांनी ठरलं की रस्त्यावरच्या, कुणी राखण नसलेल्या पेटीला कायद्यात आधार नाही. कलम ६.८४ मध्ये टपाली मतदानाला हक्क न म्हणता सवलत म्हटलंय, तिथला मजकूर कडक वाचायचा, हा त्या बाजूचा भक्कम मुद्दा. जुलै २०२४ मध्ये (२०२४ डब्ल्यूआय ३२) त्याच कलमावर पुन्हा ४-३, पण उलट. बहुमताचं म्हणणं असं: कायदेमंडळाला ‘क्लर्कचं कार्यालय’ म्हणायचं होतं तिथे त्यांनी ‘कार्यालय’ लिहिलंय, इथे फक्त ‘क्लर्क’ आहे. म्हणजे पेटी क्लर्कने ठेवली आणि तिचा ताबा क्लर्ककडे असला, तर मत क्लर्ककडेच पोचलं.

दोन्ही बाजू शब्दच वाचताहेत, हे लक्षात घ्या. खरा फरक पूर्वनिवाड्याबद्दलच्या वृत्तीत आहे. २०२४ च्या बहुमताने टायगनला तत्त्वतःच चुकीचा म्हटलं. भिन्नमत सांगतं की कायदा बदलला नाही, दोन वर्षांत फक्त कोर्टातली माणसं बदलली. चूक दिसली की लगेच सुधारावी, की लोकांनी ज्या निकालावर विसंबायचं तो टिकू द्यावा? उमेदवाराचं याचं उत्तर कळलं की निम्मं काम झालं.

मेंडोटा_काठ:
तळटीप यांचं बरोबर आहे, पण निम्मंच. पक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसलं तरी पाठिंबा आणि पैसा पक्षांचाच असतो, आणि मोठ्या राजकीय खटल्यांत मतं बहुधा त्याच रेषेवर पडतात. डिसेंबर २०२३ चा मतदारसंघांचा निकाल (क्लार्क, २०२३ डब्ल्यूआय ७९) घ्या. राज्यघटनेत मतदारसंघ ‘कंटिग्युअस टेरिटरी’चा असावा असं आहे, म्हणजे सलग भूभाग. राज्याच्या कायदेमंडळाच्या दोन सभागृहांपैकी असेंब्लीच्या ९९ पैकी किमान ५० आणि सेनेटच्या ३३ पैकी किमान २० मतदारसंघांत मुख्य भागापासून सुटलेले तुकडे होते. शहरांनी आजूबाजूची जमीन आपल्यात घेत घेत केलेली ही बेटं. आधीचा समज असा होता की तुकडा त्याच गावाच्या हद्दीतला असेल तर कायद्याच्या दृष्टीने सलगच. नव्या बहुमताने ‘सलग’ म्हणजे जमिनीवर एकमेकांना टेकलेलं असा सरळ अर्थ लावून नकाशे रद्द केले. म्हणजे अक्षरशः शब्दार्थाला धरून निकाल दिला तो उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या चौघींनी. म्हणून ‘शब्दार्थवादी’ या बिल्ल्यावरून निकाल ओळखता येत नाही.

उलटा दाखला न्या. ब्रायन हॅगडॉर्न यांचा. २०१९ मध्ये ते पुराणमतवादी बाजूने, सुमारे ६,००० मतांच्या फरकाने निवडून आले. डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांच्या मोहिमेचा विस्कॉन्सिनमधली मतं बाद करण्याचा दावा ४-३ ने फेटाळला गेला, तेव्हा बहुमताचं निकालपत्र त्यांनीच लिहिलं. मुख्य कारण विलंबाचं: नियमांवरचे आक्षेप निवडणुकीआधी घ्यायला हवे होते, हरल्यावर नाही. आपल्या बाजूविरुद्ध दिलेला असा निकाल सापडला तर तो दोनदा वाचा. उमेदवाराबद्दल त्याहून जास्त सांगणारा कागद नाही.

खर्चवही:
पैशाचं आणि खटल्यातून बाजूला होण्याचंही बघा, कारण तोही न्यायदृष्टीचाच भाग आहे.

२००२ च्या व्हाइट निकालाने (अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, ५-४, मिनेसोटाचा नियम रद्द) न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला वादग्रस्त प्रश्नांवर मत मांडायची मुभा मिळाली. अमुक खटला अमुक प्रकारे निकाली काढीन असं वचन मात्र विस्कॉन्सिनच्या न्यायाधीशांच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. ‘माझं मत असं आहे’ आणि ‘मी असा निकाल देईन’ यांतली रेघ उमेदवार कुठे ओढतो, ते चर्चासत्रात कान देऊन ऐका. २०२३ मध्ये याच कोर्टाच्या उमेदवार जॅनेट प्रोटासीविच यांनी प्रचारात मतदारसंघांच्या नकाशांना ‘रिग्ड’, म्हणजे लबाडीने आखलेले, म्हटलं. निवडून आल्यावर त्या खटल्यातून बाजूला व्हा अशी मागणी झाली, महाभियोगाची भाषाही झाली. त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला आणि त्याची कारणं लिहून दिली. ती पटोत न पटोत, लिहिलेली कारणं तपासता येतात.

पैसा: एका व्यक्तीला उमेदवाराला २०,००० डॉलरपर्यंतच देता येतात, पण राजकीय पक्षाला मर्यादा नाही आणि बाहेरचे गट स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करतात. त्यामुळे २०२५ मध्ये सुझन क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल या लढतीत एकूण खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. देणगीदाराचा खटला समोर आला तर? २००९ च्या केपर्टन निकालाचा विषय हाच: वेस्ट व्हर्जिनियात कोळसा कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ३० लाख डॉलर खर्चून एका न्यायमूर्तीला निवडून आणलं, आणि त्याच न्यायमूर्तीपुढे त्याच्या कंपनीचं ५ कोटी डॉलरचं अपील होतं. बाजूला व्हायलाच हवं होतं, असं ५-४ ने ठरलं. विस्कॉन्सिनचा स्वतःचा नियम मात्र सांगतो की केवळ कायदेशीर देणगी घेतली म्हणून बाजूला व्हावं लागत नाही. हा नियम फारच सैल आहे असं माझं ठाम मत. तो बदलणार का, हे दोन्ही उमेदवारांना विचाराच.

वॉवाटोसाकर:
मनापासून आभार. एक अडचण: उमेदवार फक्त सर्किट कोर्टात, म्हणजे खटले चालवणाऱ्या खालच्या कोर्टात, बसलेला असेल तर? त्याची निकालपत्रं कुठे छापलेली दिसत नाहीत.

तळटीप:
सर्किट कोर्टात बहुतेक निर्णय तोंडी, सुनावणीतच दिले जातात, म्हणून निकालपत्र मिळत नाही. तिथे दोन वाटा आहेत.

पहिली, अपिलं. अपील कोर्टाच्या निकालपत्रात खाली कुठल्या न्यायाधीशाचा आदेश होता ते पहिल्या पानावर असतं, त्या नावाने शोधा. पण ‘इतके निकाल उलटले’ अशी बेरीज करू नका. कायद्याच्या प्रश्नावर अपील कोर्ट कोऱ्या पाटीने विचार करतं, पुराव्याच्या निष्कर्षाला मात्र तो उघडउघड चुकीचा असल्याशिवाय हात लावत नाही. म्हणून उलटलेला प्रत्येक निकाल एकाच वजनाचा नसतो, कारण बघा. (उमेदवार अपील कोर्टातला असेल तर ‘पर क्युरिअम’ (साऱ्या पीठाच्या नावाने दिलेले) निकाल सोडून द्या. त्यावर लेखकाचं नाव नसतं, कुणी लिहिला ते कळत नाही. नावानिशी लिहिलेली भिन्नमतं आधी वाचा.)

दुसरी वाट शिक्षेच्या सुनावणीची, आणि ती लोक विसरतात. गॅलियन (२००४ डब्ल्यूआय ४२) नुसार शिक्षा सुनावताना न्यायाधीशाने कारणं नोंदीवर सांगावी लागतात: गुन्ह्याचं गांभीर्य, आरोपीचा स्वभाव, समाजाच्या संरक्षणाची गरज, आणि यांवरून हीच शिक्षा का. नुसती ठरलेली वाक्यं म्हणून आकडा सांगणारा न्यायाधीश आणि समोरच्या माणसाची माहिती घेऊन आकड्यापर्यंत पोचणारा न्यायाधीश, सुनावणीच्या शब्दशः नोंदीच्या दोन पानांत वेगळे दिसतात. शिक्षेविरुद्ध अपील झालं असेल तर यातले तुकडे निकालपत्रातच उद्धृत केलेले सापडतील.

मेंडोटा_काठ:
आणि मतदानाचं: एप्रिलचा पहिला मंगळवार, सकाळी ७ ते रात्री ८, फोटो ओळखपत्र सोबत. पत्त्यावर २८ दिवस राहिलेलं असायला हवं. नोंदणी राहिली असेल तर पत्त्याचा पुरावा घेऊन त्याच दिवशी केंद्रावर होते. टपाली मत पाठवणार असाल तर पाकिटावर साक्षीदाराची सही आणि पत्ता हवाच, तिथेच मतं बाद होतात. पाकीट निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ च्या आत पोचलं पाहिजे, पोस्टाचा शिक्का आदल्या दिवसाचा असून चालत नाही. दोनपेक्षा जास्त उमेदवार असले तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या मंगळवारी प्राथमिक फेरी असते, तीही चुकवू नका.