कुनिको मुकोदा यांचे लेखन वाचायला कोठून सुरुवात करावी?

शब्दवेल:
नमस्कार. गेली चार वर्षे मी पुण्यात जपानी शिकत आहे आणि नुकतीच जपानी भाषेची मधल्या पातळीची एनथ्री परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. पाठ्यपुस्तकाबाहेरचे, पण माझ्या आवाक्यातले ललित गद्य वाचावे, अशी मनापासून इच्छा आहे. आमच्या बाईंनी कुनिको मुकोदा यांचे नाव सुचवले. त्या रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी लिहीत असत आणि १९८० मध्ये त्यांना कथांसाठी नाओकी पुरस्कार मिळाला, एवढेच मला समजले आहे. आधी कथा वाचाव्यात की ललित लेख? त्यांचे आयुष्य ठाऊक असल्यावाचून लेखन कळेल का? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पानगळ:
ललित लेखांपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आणि त्याचे कारण रेडिओत आहे.

मुकोदाबाईंचा जन्म १९२९ चा, तोक्योचा. वडील विमा कंपनीत होते आणि त्यांच्या सततच्या बदल्यांमुळे कागोशिमा, ताकामात्सु, सेंदाई अशा गावांशी घराचा संबंध आला. पदवीनंतर बाईंनी काही वर्षे एका चित्रपटविषयक मासिकाच्या संपादनाचे काम केले आणि त्याच काळात त्या रेडिओसाठी लिहू लागल्या. १९६२ ते १९६९ या काळात हिसाया मोरिशिगे हे ख्यातनाम अभिनेते टीबीएस रेडिओवर रोज सकाळी काही मिनिटांचा एक कार्यक्रम सादर करीत. त्याचे दोन हजारांहून अधिक भाग झाले आणि त्यांतील बहुतेकांचे लेखन मुकोदाबाईंचे होते. आवाज मोरिशिगेंचा असे. घरातला कर्ता पुरुष, त्याची कुरकुर आणि बायकोने हळूच काढलेला चिमटा हे सारे मात्र बाईंच्या लेखणीतून उतरलेले असे. टेकाडे भावजी आणि मीना वहिनी यांचे संवाद ज्यांनी आकाशवाणीवर ऐकले आहेत, त्यांना या लेखनाची जातकुळी चटकन ओळखता येईल.

रोज सकाळी, अगदी मोजक्या वेळात, स्वयंपाकघरात वावरणाऱ्या श्रोत्याचे लक्ष पहिल्याच वाक्याला वेधून घ्यायचे आणि वेळ संपताच थांबायचे, हा सराव आठ वर्षे झाल्यावर लेखणीला जे वळण लागते, ते त्यांच्या ललित लेखांत स्पष्ट दिसते. लेख एखाद्या वस्तूने किंवा आवाजाने उघडतो, आठवणीतून आठवणीत सरकतो आणि वाचक सावध होण्याआधीच थांबतो. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक लेख मोठ्याने वाचावा. वाक्ये उच्चारासाठी घडवलेली असल्याने अर्थ कानाला आधी कळतो आणि कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरे, मागाहून उलगडते.

दीपमाळ:
पानगळ यांच्याशी मी सहमत आहे. पहिला लेख कोणता, एवढीच भर घालतो. १९४५ मध्ये बाईंच्या सर्वांत धाकट्या बहिणीला हवाई हल्ल्यांच्या भीतीने कोफू येथे पाठवले, त्याविषयीचा ‘अक्षरांविना पोस्टकार्ड’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा छोटा लेख प्रथम वाचावा. जपानमध्ये तो माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात असतो, त्यामुळे आपल्याला तो पेलेल.

मुलीला अजून लिहिता येत नव्हते. वडिलांनी कार्डांच्या गठ्ठ्यावर स्वतःचेच नाव-पत्ता लिहून दिला आणि बरे वाटेल त्या दिवशी एक गोल काढून रोज एक कार्ड टाकायला सांगितले. पहिल्या कार्डावर लाल पेन्सिलीचा कार्डभर मोठा गोल आला. दुसऱ्या दिवसापासून गोल लहान होत गेले, मग फुली आली आणि पुढे तीही येईनाशी झाली. आईने तिला परत आणले तेव्हा तिला डांग्या खोकला झाला होता. त्या दिवशी भावंडांनी परसातले सगळे भोपळे, अगदी तळहातावर मावणारेसुद्धा, तोडून तिच्यासाठी खोलीत ओळीने मांडले. एरवी कोवळे भोपळे तोडले म्हणून रागावणारे वडील काही बोलले नाहीत. रात्री ती आल्याचे कळताच ते अनवाणी बाहेर धावले आणि तिला जवळ घेऊन मोठ्याने रडले. एरवीचे कडक, हात उगारणारे वडील आणि ही रात्र यांच्यामधले अंतर बाई कोठेही समजावून सांगत नाहीत. मी हा लेख अनेकदा वाचला आहे आणि भोपळ्यांच्या त्या ओळीपाशी दर वेळी थांबतो.

हीच धाकटी बहीण, काझुको, पुढे १९७८ मध्ये बाईंच्या साथीने तोक्योतील आकासाका भागात उघडलेले ‘मामाया’ हे छोटे उपाहारगृह चालवू लागली.

पानगळ:
यानंतर वडिलांवरचा लेखसंग्रह हाती घ्यावा. १९७५ मध्ये बाईंवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि रक्त चढवल्यामुळे यकृताला सूज आली. उजवा हात चालेना. तोक्योच्या गिंझा भागातील व्यापाऱ्यांच्या एका छोटेखानी मासिकासाठी त्यांनी डाव्या हाताने हे लेख लिहायला घेतले. मागे काहीतरी लिहून ठेवावे, ही भावना त्यामागे होती, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. तरीही पानांत आजाराचा सूर कोठेच नाही. माशांची डोकी, परीक्षेचे ताण, पाहुण्यांची वर्दळ यांनीच ती भरलेली आहेत. २२ ऑगस्ट १९८१ रोजी तैवानमधील विमान अपघातात वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मात्र त्या अपघाताच्या सावलीत हे लेख वाचू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे, कारण लिहिताना त्यांना ते ठाऊक नव्हते.

शब्दवेल:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पोस्टकार्डाचा लेख काल रात्री मोठ्याने वाचला. अकरा शब्द कोशात पाहावे लागले, त्यांतील बहुतेक जुन्या घरांतील वस्तूंचे होते. आईला मराठीत सांगताना फुलीपर्यंत पोहोचले आणि तिने विचारले, “मग कार्ड आलंच नाही?” वडिलांवरचा संग्रह आता मागवला आहे, खिशात मावेल अशी बुन्को आवृत्ती मिळाली.