हीटरच्या फ्लँजवरचे नट दर शटडाउनला जाम होतात

प्रश्न (रबाळे)
नमस्कार. आमच्या थर्मिक फ्लुइड हीटरमध्ये (तेल तापवून उष्णता पुरवणारे यंत्र) तेल २८० अंशांवर चालते. बर्नरच्या बाजूच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या कडेवर) एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि त्याच ग्रेडचे नट आहेत. बसवताना आम्ही न चुकता ग्रीस लावतो, तरीही या शटडाउनला १६पैकी ११ नट गॅस कटरने कापावे लागले. कापलेल्या नटाच्या आट्यांत ग्रीसऐवजी काळी, कोळशासारखी भुकटी निघाली. पुढच्या वेळी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) बोल्ट वापरावेत का?

उत्तर (वागळे इस्टेट)
गॅल्व्हनाइज्ड बोल्ट तिथे मुळीच वापरू नका. जस्त ४१९ अंशांना वितळते; बर्नरजवळ तेवढा ताप चढला तर ते शेजारच्या तापलेल्या स्टेनलेसमध्ये शिरून त्याला तडे पाडू शकते.
ती काळी भुकटी म्हणजे ग्रीसमधले तेल जळून मागे राहिलेला कार्बन, आणि त्यानेच आटे धरले. अशा जागी निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावावी, कारण तिच्यातले तेल उडून गेले तरी धातूचे बारीक कण आट्यांमध्ये टिकून राहतात. मात्र पेस्ट लावण्याआधी आटे वायर ब्रशने घासून पुसून घ्या; जुन्या कार्बनवर लावलेली पेस्ट वाया जाते. तुमच्याकडे दुसरेही एक कारण असावे. स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की वरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघतो आणि उघडे धातू एकमेकांना चिकटतात, म्हणजे नट कधीकधी बसवतानाच धरतो. म्हणून नट वेगळ्या कडकपणाचा घ्यावा आणि इम्पॅक्ट गनऐवजी पान्याने सावकाश आवळावा.

उत्तर (तुर्भे)
वरील सल्ला योग्य आहे, पण पेस्ट लावून जुन्याच टॉर्कने (आवळण्याच्या पिळाने) आवळल्यास बोल्ट ताणला जाईल. कोरड्या आट्यांसाठी घर्षणाचा गुणांक साधारण ०.२० धरतात, पेस्टचा ०.१५ असेल, तर १०० न्यूटन-मीटरच्या जागी ७५ पुरतात. नेमका आकडा पेस्टच्या माहितीपत्रकात पाहावा.
तेलाच्या लाइनशेजारी गॅस कटर चालवणे मला धोक्याचे वाटते. हीटर पूर्ण थंड झाल्यावर नट स्प्लिटर (नट फोडायचे अवजार) वापरा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या टॉर्कच्या तक्त्यात कोरड्या आट्यांचेच आकडे आहेत, तो आजच दुरुस्त करतो. पेस्ट फक्त आट्यांना लावायची की नटाच्या बुडालाही?

उत्तर (तुर्भे)
दोन्हीकडे लावा. आवळताना लागणाऱ्या जोरापैकी जवळजवळ निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणातच जातो, त्यामुळे ती जागा कोरडी राहिली तर वरचा हिशेब जुळणार नाही.