मदत हवी आहे: ऑफिसच्या कार्पेटवर सिंगल डिस्क मशीनचे गोल वळसे उमटलेत, घालवायचे कसे?

महापे_फॅसिलिटी
ऑफिस महापे एमआयडीसीत. मजलाभर ५० बाय ५० सेंमीच्या राखाडी कार्पेट टाइल्स, लूपवाल्या, म्हणजे धाग्याचे फास न कापता तसेच ठेवलेल्या. फक्त बोर्डरूममध्ये कापलेल्या लवेच्या, म्हणजे कट पाइल. शुक्रवारी रात्री बाहेरच्या एजन्सीने १७ इंची सिंगल डिस्क मशीनला (खाली एकच गोल तबकडी फिरते ते) बॉनेट, म्हणजे जाड कापडी गोल पॅड, लावून शाम्पू केला. सोमवारी पाहतो तर बोर्डरूममध्ये गोल गोल वळसे, मधल्या पॅसेजमध्ये करडे चट्टे आणि लिफ्ट लॉबीच्या तोंडाशी दोन ठिकाणी चकाकणारी अर्धवर्तुळं. एजन्सीचं म्हणणं, "परत एकदा शाम्पू मारतो, निघून जाईल." मारू द्यावा का? टाइलचा धागा कुठला ते माहीत नाही, फाइल आधीच्या ॲडमिनबरोबर गेली.

वागळेनाका
मारू देऊ नका. काय झालंय ते कळेपर्यंत मशीन त्या मजल्यावर चढता कामा नये.

घणसोली_गालिचे
वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. तुमच्या वर्णनात तीन वेगळ्या भानगडी दिसतायत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एकीचा इलाज दुसरीवर केला तर नुकसान वाढतं.

आधी पाहणी. मजल्यावरचे दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च कार्पेटला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वळशाकडे एका बाजूने बघा, मग फिरून बरोबर समोरच्या बाजूने. गडद पट्टा फिका आणि फिका गडद झाला तर नुसती लव झोपली आहे, कार्पेट शाबूत आहे. दोन्हीकडून काळपटच दिसला तर मळ किंवा शाम्पूचा थर. दोन्हीकडून चकाकला आणि नख फिरवल्यावर खरखरीत, कडक लागला तर धागा वितळला आहे. आणखी एक बघा: वळसा टाइलच्या सांध्यावरून सलग पुढे गेला तर तो मशीनचा. सांध्यावर कापल्यासारखा थांबला तर त्या टाइलची दिशा किंवा डाय लॉट (रंगवायची खेप) वेगळा आहे, त्यात एजन्सीचा दोष नाही.

दुसरी परीक्षा पांढऱ्या सुती फडक्याची. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, चट्ट्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. फडकं करडं झालं आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर शाम्पू आत राहिलाय.

धागा ओळखायला सुट्या टाइलच्या कडेचा चिमूटभर धागा कात्रीने कापा आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने दाबून बुडवा. साबण विसरू नका, नाहीतर अडकलेल्या हवेमुळे नायलॉनही तरंगेल. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं, नायलॉन बुडतं. हे कळणं गरजेचं, कारण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना वितळतं, नायलॉन ६ सुमारे २२० ला. कोरडं बॉनेट एकाच जागी फिरत राहिलं की घर्षणाने पॉलिप्रॉपिलीनचा धागा जागच्या जागी वितळतो. लिफ्टच्या तोंडाशी तेच झालंय असा माझा कयास. ऑपरेटर तिथे वळतो, रेंगाळतो, वायर सोडवत बसतो आणि डिस्क खाली फिरतच असते.

महापे_फॅसिलिटी
पाहणी केली. बोर्डरूम: बाजू बदलली की पट्टा बदलतो. पॅसेज: फडकं करडं आणि बुळबुळीत. लिफ्ट लॉबी: दोन्हीकडून चमक, नखाला खरखरीत. बोर्डरूम आणि पॅसेजचा धागा बुडाला, लॉबीचा तरंगला. म्हणजे टाइल्सही दोन प्रकारच्या निघाल्या!

घणसोली_गालिचे
लॉबीत पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कुणीतरी नंतर स्वस्तातल्या टाकल्यात. असो.

बोर्डरूम सगळ्यात सोपी. फिरत्या ब्रशच्या व्हॅक्यूमने आधी कोरडी धूळ काढा. मग स्प्रे बाटलीतून कोमट साध्या पाण्याचा फवारा, हात फिरवला तर दमट लागेल इतकाच. वरून कार्पेट रेक किंवा लांब दांड्याचा मऊ नायलॉन ब्रश, आधी झोपलेल्या लवेच्या उलट दिशेने, मग अख्खी खोली दारापासून खिडकीकडे एकाच दिशेने. पूर्ण सुकेपर्यंत खुर्च्या आत नेऊ नका. ओली लव जशी दाबाल तशीच सुकते. दाताळ्यासारखा रेक लूपवर मात्र चालवू नका, फास ओढले जातात. बॉनेटने एखादा फास आधीच उपसला असेल तर तो खेचायचा नाही, कात्रीने आजूबाजूच्या उंचीला कापायचा.

पॅसेजला शाम्पूचं नावही नको, तिथे नुसतं खंगाळणं. स्प्रे एक्स्ट्रॅक्शन मशीन आणा, म्हणजे पाणी फवारून लगेच परत ओढून घेणारं. टाकीत ४५ ते ५० अंशांचं पाणी, दर १० लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. उरलेला शाम्पू अल्कधर्मी असतो, तो यात तुटतो. डिटर्जंट थेंबभरही नाही. वाँड (मशीनची हातात धरायची नळी) मागे ओढताना पाणी सोडत एक फेरी, त्याच पट्ट्यावर पाणी बंद ठेवून निव्वळ ओढीच्या दोन-तीन, पुढचा पट्टा दोन इंच वर चढवून. वाँडच्या पारदर्शक काचेकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला नुसता फेस जाताना दिसेल. पाणी स्वच्छ, बिनफेसाचं दिसायला लागलं की तो पट्टा झाला. घाण पाण्याच्या टाकीत मात्र सुरुवातीलाच थोडं अँटीफोम (फेस मारणारं द्रव) घाला. फेस व्हॅक्यूमच्या मोटरीत शिरला तर मोटर जाते. अँटीफोम स्वच्छ पाण्याच्या टाकीत घालू नका, पुन्हा तोच चिकटपणा कार्पेटमध्ये जाईल.

पाणी कुठलं वापरता? टँकरने बोअरचं जड पाणी येत असेल तर क्षारांचा पांढरट थर मागे राहतो. अशा वेळी शेवटची फेरी आरओच्या पाण्याने.

खारीगाव_कोळी
सायट्रिकऐवजी व्हिनेगर चालेल का? पँट्रीत कॅन पडून आहे.

घणसोली_गालिचे
चालेल, पांढरं सिंथेटिक, लिटरला ५० मिली. वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो आणि तक्रारी येतात, म्हणून मी सायट्रिक म्हणतो. दोन्हींपैकी काहीही आधी कोपऱ्यातल्या एका टाइलवर लावून, सुकवून बघा. आणि ब्लीच किंवा हायपोक्लोराइटच्या जवळपासही नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. हाऊसकीपिंगच्या ट्रॉलीत दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

वागळेनाका
सुकवण्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि आपल्याकडे घोळ तिथेच होतो. शुक्रवारी रात्री धुवायचं, मग शनिवार-रविवार बिल्डिंगचा एसी प्लांट बंद. बंद काचांच्या खोलीत, त्यात पावसाळा असेल तर, कार्पेट दोन दिवस ओलं राहतं. पाणी वर वर येत सुकतं आणि तळचा मळ धाग्याच्या टोकाला आणून ठेवतं. धुतल्यावर स्वच्छ दिसलेलं कार्पेट सोमवारी चट्ट्यांचं दिसतं ते यामुळेच. बिल्डिंग मॅनेजमेंटला आधी लेखी कळवून रात्रभर एएचयू (एसीची हवा फिरवणारं युनिट) चालू ठेवायला सांगा, चिल्ड वॉटरसकट, म्हणजे प्लांटचं थंड पाणीही चालू. नुसत्या फॅन मोडवर दमट हवाच फिरते. जोडीला तीन-चार ब्लोअर जमिनीलगत, सगळ्यांचा झोत एकाच दिशेला. सहा ते आठ तासांत कोरडं झालं पाहिजे. नाही झालं तर पाणी जास्त पडलंय, मग टाइलचे कोपरेही आपोआप वर यायला लागतात.

आणि धुवायच्या मशीनची रबरी चाकं ओल्या कार्पेटवर रात्रभर ठेवू नका. रबरातली रसायनं उतरून पिवळट-तपकिरी डाग पडतो, तो कशानेही निघत नाही. चाकांखाली प्लॅस्टिक किंवा प्लायचा तुकडा टाका.

महापे_फॅसिलिटी
पॅसेज खंगाळला, आठ आण्यांचं काम झालंय. काही चट्टे फिके झाले पण आहेत. लॉबीच्या अर्धवर्तुळांचं काय?

घणसोली_गालिचे
राहिलेल्या चट्ट्यांवर पाणी नको. फडकं दाबून बघा. कोरडं आणि स्वच्छ असेल तर तो खालून वर आलेला मळ आहे. एन्कॅप्सुलेशनचं (मळाला वेढून सुकणारं) द्रावण डब्यावरच्या प्रमाणात पातळ करून हलका फवारा, मायक्रोफायबर पॅडने हाताने फिरवा, सुकू द्या, दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम. यातलं पॉलिमर सुकून ठिसूळ होतं आणि मळ घेऊन व्हॅक्यूममध्ये जातं.

लॉबीत वितळलेला धागा परत येत नाही. वाफ, ब्रश, कुठलंही केमिकल, सगळं वाया. टाइल बदलायची. नवीन पेटीतली टाकलीत तर वापरलेल्यांमध्ये उठून दिसेल. फाइल कपाटाखालची किंवा सर्व्हर रूममधली जुनी टाइल काढून इथे लावा आणि नवीन तिथे दडवा. मात्र आधी पाण्याची परीक्षा करून लॉबीच्याच जातीची शोधा.

खारीगाव_कोळी
आमच्याकडे पेटीत भरपूर टाइल्स पडून आहेत. थेट सगळी लॉबीच बदलली तर? फडकी पिळत बसण्यापेक्षा बरं.

वागळेनाका
पैसे असतील तर बदला. पण धुणाऱ्याची पद्धत तीच राहिली तर पुढच्या खेपेला तीच अर्धवर्तुळं नव्या टाइलवर. एजन्सीला लेखी द्या: बॉनेट आधी द्रावणात भिजवून पिळलेलं असावं, कोरडं कधीच नाही, मशीनच्या पुढे फवारा सतत, डिस्क फिरत असताना थांबायचं नाही, वळायच्या आधी मशीन बंद, शे-दीडशे चौरस फुटांना बॉनेट उलटायचं, मग बदलायचं. पॉलिप्रॉपिलीनवर सिंगल डिस्क मुळीच नको. त्यापेक्षा दोन उलट फिरणाऱ्या दंडगोल ब्रशांचं मशीन मागा. त्याच्या रेघा सरळ असतात आणि व्हॅक्यूमने जातात.

महापे_फॅसिलिटी
टाइल काढताना शेजारची फाटणार नाही ना? आणि दिशा कशी लावायची?

घणसोली_गालिचे
पातळ पुट्टी पट्टी कोपऱ्यात सारून कोपरा उचला आणि हळूहळू आडवी ओढा, सरळ वर नाही. पाठीवर बाण छापलेला असतो. काढलेल्या टाइलच्या बाणाची दिशा मार्करने जमिनीवर लिहून ठेवा आणि नवीही तशीच लावा. बाण चुकला तर ती टाइल लांबूनही डागासारखी दिसते. जुना गोंद अजून चिकट असेल तर वर आणखी लावू नका. कोरडा झाला असेल तर खरवडून प्रेशर सेन्सिटिव्ह ॲडहेसिव्हचा (दाबल्यावर चिकटणाऱ्या गोंदाचा) पातळ हात फोम रोलरने द्या आणि दुधाळ रंग जाऊन पारदर्शक होईपर्यंत थांबा. ओल्यातच टाइल दाबली तर ती कायमची बसते, पुढच्या वेळी पाठ फाडूनच काढावी लागते. सांध्यात आलेली लव बोटाने बाहेर काढा आणि टाइल मधून कडांकडे दाबत न्या.