निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटा रिकाम्या का राहतात?

प्रश्न — कारभारी

आमचे रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असून ते सार्वजनिक न्यासामार्फत चालते. त्यामुळे 1950 च्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील कलम 41 कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना आम्हाला लागू आहे. म्हणजे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या आहेत. आसपास साखर कारखाने आहेत, वीटभट्ट्या आहेत, रोजंदारीवर जगणारी मोठी वस्ती आहे. तरीही धर्मादाय कार्यालयाला दरमहा जो अहवाल जातो, त्यात निर्धन खाटांचा रकाना बराचसा रिकामाच असतो. विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांच्या मते याचा अर्थ मागणीच नाही, असा होतो. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नाही. ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी नेमके कोठे अडते ते सांगावे.

उत्तर 1 — निवृत्त समाजसेवा अधीक्षक

बहुतेक वेळा नोंदणीच्या खिडकीपाशी अडते, आणि तेही कागदावरून. योजनेनुसार तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड यांपैकी कोणताही एक पुरावा तपासून वैद्यकीय समाजसेवकाने रुग्णाची आर्थिक स्थिती ठरवायची असते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी शिधापत्रिका पुढे केली तरी चालू वर्षाचा दाखला मागितला जातो, त्याला आधार कार्डाची जोड लागते, आणि कुठे कुठे नगरसेवकाचे पत्रही. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता 1 लाख 80 हजार रुपये आहे; केशरी शिधापत्रिका तर 1 लाखापर्यंतच्या उत्पन्नासाठीच असते. मग केशरी कार्ड दाखवणाऱ्याला पुन्हा तहसील कचेरीत कशासाठी पाठवायचे, याचे समाधानकारक उत्तर मला नोकरीत असताना कोणी दिले नाही.

आपल्या भागात याचा सर्वांत मोठा फटका ऊसतोड कामगारांना बसतो. बीडकडून आलेल्या कुटुंबाचे कार्ड गावी सासूकडे ठेवलेले असते आणि दाखला मिळायचा तो त्यांच्याच तालुक्यातून. बाळंतपणात अडलेली बाई कोपीवरून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, बैलगाडीने, नाहीतर मुकादमाच्या जीपने येते. दाखल्यासाठी नवऱ्याने गावी जायचे तर हजेरीही बुडते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचलही फिटायची राहते. अशा वेळी समाजसेवकाने मुकादमाशी आणि कारखान्याच्या शेतकी विभागाशी फोनवर बोलून घ्यावे आणि गावाकडून कार्डाचा फोटो मोबाईलवर मागवावा. अर्ध्या तासात निर्णय होतो.

दुसरी अडचण वेळेची. समाजसेवा कक्ष दहा ते पाच चालतो आणि रुग्ण येतो रात्री नऊला. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेत, असे योजना स्पष्ट सांगते. पण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ते लेखी कोणी दिलेले नसते. सकाळी हिशेब चुकला तर आपल्या पगारातून वळता होईल या धास्तीने तो अनामत मागतो. नातेवाईक मागच्या पावली सिव्हिलला जातात, आणि आपल्या वहीत त्या कुटुंबाची नोंदही होत नाही. म्हणून मागणी नाही असे म्हणण्यापूर्वी, दाखल न होता परतलेल्यांची नोंद महिनाभर तरी ठेवावी.

उत्तर 2 — खातेवही

मी एका न्यासाच्या रुग्णालयात लेखा विभाग सांभाळतो. वरील बहुतेक गोष्टी मान्य करूनही रिकाम्या रकान्यामागचे आणखी एक कारण सांगणे भाग आहे. जो रुग्ण पूर्वी निर्धन खाटेवर आला असता, तो आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, दाखल होतो. 2023 मध्ये ती योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा आणि संरक्षण 5 लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. त्या योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात तिचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसलेला असतो, तो प्रकरण तिकडे वळवतो आणि आमच्या धर्मादाय अहवालात तो रुग्ण दिसत नाही. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय विश्वस्तांना दोष देऊ नये.

मात्र जे आजार त्या योजनेच्या उपचारांच्या (पॅकेजच्या) यादीत नाहीत, त्यांचे खरे हाल होतात. साधा ताप, निदान न झालेली पोटदुखी, आठवडाभराची निरीक्षणासाठीची भरती अशा रुग्णांसाठीच निर्धन रुग्ण निधी आहे. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम त्यात जमा होते. खाट, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धनाकडून घ्यायचेच नाहीत. औषधे, साहित्य आणि रोपण (शरीरात बसवायची इम्प्लांट) यांचा खर्च खरेदी किमतीने निधीत टाकायचा. काही ठिकाणी तो छापील किमतीने टाकला जातो, निधी लवकर आटतो, आणि मग 'निधी संपला' अशी पाटी लागते. आपल्याकडील नोंदी या एकाच मुद्द्यावर तपासून पाहाव्यात.

उत्तर 3 — वनवासातला डॉक्टर

मी गडचिरोलीत काही वर्षे काम केले. खिडकी आणि निधी दोन्ही व्यवस्थित असूनही माणूस येत नाही, असे तिकडे पाहिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शोधग्राममध्ये दवाखाना उभारताना आधी गोंड लोकांना विचारले. दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव आले, बांधणी गावातल्या झोपड्यांसारखी झाली आणि रुग्णासोबत घरच्यांनी राहण्याची सोय झाली. आपल्याकडे भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना शिट्टी वाजवून बाहेर काढतात. ज्याला शहरात ओळख नाही, त्याच्यासाठी ती रात्र फुटपाथवरची असते. दुसऱ्या दिवशी 'घरी सोडा' म्हणणाऱ्यांत हेच लोक अधिक असतात.

म्हणून डामाची, म्हणजे सल्ल्याविरुद्ध घरी गेलेल्यांची, वही काढून पाहा. कारणाच्या रकान्यात बहुधा 'स्वेच्छेने' असा शिक्का असतो. तो बंद करून पैसे, राहण्याची सोय, भाषा, घरी लहान मूल असे खरे कारण परिचारिकेने एका ओळीत लिहावे. तेच रुग्ण शिधापत्रिकेच्या रंगानुसार आणि गावानुसार वेगळे काढले, तर कोणत्या माणसाला आपण अर्ध्यावर सोडतो ते विश्वस्तांना आकड्यांत दिसेल.

कारभारी

सर्वांचे आभार. परतलेल्यांची नोंद आणि डामाची कारणे या दोन गोष्टी या महिन्यापासून सुरू करतो, कारण त्यांना खर्च नाही. तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेऊ नये, असा सहीचा आदेश रात्रपाळीच्या खिडकीवर लावण्याचा प्रस्ताव पुढील बैठकीत ठेवतो. कर्मचाऱ्याच्या पगारातून वसुली होणार नाही, हे वाक्यही त्यातच घालणार आहे. नातेवाइकांच्या निवाऱ्याचा प्रश्न जागेअभावी कठीण आहे.

खातेवही

निवाऱ्यासाठी निर्धन निधीला हात लावू नका. तो रुग्णाच्या उपचारासाठी आहे आणि हिशेबतपासणीत ते अंगाशी येईल. देणगीदार पाहा. कारखान्यांचे गळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते, त्याआधी शेतकी अधिकाऱ्यांशी एकदा बोलून ठेवा. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरल्या की त्यांची यादी या अधिकाऱ्यांकडे असतेच, ती आपल्या समाजसेवकाकडे आली तर निम्म्या कागदांचा प्रश्न सुटेल.