पार्कमध्ये दर शनिवारी 100 ड्रोनचा शो : जागा, वारा, बॅटरी यांचं गणित कसं बसवायचं?

उरमोडीकाठ :
साताऱ्याच्या दक्षिणेला हायवेलगत वॉटर पार्क आहे. सहा वाजले की ओस पडतं, म्हणून नोव्हेंबर ते मे दर शनिवारी रात्री 10 मिनिटांचा ड्रोन शो करायचा विचार आहे. फटाके नकोत, शेजारी ऊस आहे. पार्किंगचं 60 बाय 45 मीटरचं काँक्रीट आहे, त्यामागं मालकीचं दीड एकर मोकळं रान आणि रानाच्या तिन्ही अंगाला ऊस. प्रेक्षक वेव्ह पूलच्या पायऱ्यांवर बसतील, पार्किंगच्या कडेपासून 70 मीटरवर. एवढी जागा पुरेल का? शेवटी आकाशात मराठीत 'सातारा' लिहायचंय, ते 100 मध्ये बसेल का? आणि ड्रोन विकत घ्यावेत की भाड्यानं आणावेत?

कंपास_बिघडला :
जागा पुरते, पण काँक्रीटवर ड्रोन मांडू नका. आत सळयांची जाळी असते, तिनं कंपास चुकतो. जमिनीवर असताना स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे ठीक दिसतं आणि 3-4 मीटर वर गेल्यावर ड्रोन जागेवर थांबायचं सोडून मोठे होत जाणारे घिरटे घालायला लागतो. रानात मांडा. 1 मीटर अंतरानं 10 बाय 10 मांडणी म्हणजे 9 मीटरचा चौकोन, जागा अशी किती लागते? खाली ताडपत्री ताणून खुंट्या मारा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं धूळ आणि पाचट उडून मोटरमध्ये जातं.

आता प्रेक्षकांपासूनचं अंतर. 100 मीटर उंचीवर 6 मीटर प्रति सेकंद वेगानं चाललेला ड्रोन बंद पडला तर खाली यायला किमान साडेचार सेकंद लागतात. त्यात वारा 5 मीटरचा धरला तर तो साधारण 50 मीटर पुढं जाऊन पडतो. त्यावर 20 मीटर राखीव ठेवा. हे अंतर ड्रोन मांडल्या जागेपासून मोजतात ती चूक आहे. आकृतीची प्रेक्षकांकडची कड जिथं येते तिथून मोजायचं. तुमच्याकडं आकृती रानावर ठेवली तर पायऱ्यांपासून 130 मीटर मिळतात. माथा 90 मीटरवर ठेवला की मान 35 अंशांपर्यंतच वर करावी लागते, लहान मुलांनाही त्रास नाही. पार्किंग शोच्या वेळी पूर्ण रिकामं हवं, गाडीत बसून बघणारेसुद्धा नकोत.

सगळ्यात वाईट चूक दिशेची. आरटीकेचा बेस (ड्रोनची जागा अगदी अचूक ठरवायला जमिनीवर ठेवतात ते जीपीएस यंत्र) बरोबर असला आणि शोचा कोन, म्हणजे आकृतीचं तोंड कुठल्या दिशेला ते, 5 अंशांनी चुकला, तरी 100 मीटरवर आकृती जवळजवळ 9 मीटर सरकते, आणि प्रत्येक ड्रोनला वाटतं आपण बरोबर जागी आहोत. म्हणून बेसच्या ट्रायपॉडसाठी रानात सिमेंटचा ठोकळा पुरून त्यावर खूण करा आणि त्याच बिंदूचे आकडे दर वेळी वापरा. पत्र्याच्या शेडजवळ बेस लावू नका. मांडणीचे चार कोपरे ड्रोननं स्वतः दाखवलेल्या जागेशी ताडून बघा. शोची फाइल आणि जिओफेन्स (ड्रोननं ओलांडू नये अशी आखून दिलेली हद्द) सगळ्या ड्रोनमध्ये एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे एकेक तपासा, 'बहुतेक पोचलं' चालत नाही. अशाच चुकांनी 21 डिसेंबर 2024 ला अमेरिकेत ऑर्लँडोत लेक इओलाच्या काठी शोमधले ड्रोन एकमेकांवर आदळून खाली आले आणि एक मुलगा जबर जखमी झाला.

जिओफेन्स दुहेरी ठेवा. आतल्या रेषेला ड्रोन परत फिरतो, बाहेरच्या रेषेला मोटर बंद. दोन रेषांत 10 मीटर तरी हवेत.

बाराखडी_आकाशात :
अक्षरांचं मी सांगतो. अक्षराची उंची 12 मीटर, ठिपक्यांत 2 मीटर अंतर धरा. 'सातारा'त उभे दंड पाच (स आणि त यांचा एकेक, तीन काने), दर दंडाला 6 म्हणजे 30. शिरोरेघ 46 मीटरची, तिला 24. 'स'च्या अंगाला 11, 'त'च्या वळणाला 6, 'र'ला 9. झाले 80. उरलेल्या 20 मध्ये खाली अजिंक्यताऱ्याचा सपाट माथा आणि दोन्हीकडचे उतार येतात. 'महाराष्ट्र' लिहायला जाऊ नका, 'ष्ट्र'चा नुसता गोळा दिसतो.

इंग्रजी अक्षरांत तिरप्या आणि वळणदार रेघा बऱ्याच, आपल्याकडं खडे दंड जास्त. म्हणजे ड्रोनच्या खाली ड्रोन, त्याच्या खाली ड्रोन. वरच्याच्या पंख्याचा वारा खालच्यावर येतो, खालचा डुलतो, बॅटरी जास्त खातो. उपाय सोपा आहे : दंडातले ड्रोन आलटून पालटून 1 मीटर पुढं-मागं ठेवा. समोरून रेघ सरळच दिसते. मात्र पायऱ्यांच्या अगदी टोकाला बसलेल्याला ती नागमोडी दिसेल, तेवढं चालवून घ्यायचं.

शिरोरेघेत एक दिवा गेला तर खिंडार पडतं, वळणात गेला तर कळतही नाही. ज्या बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध सगळ्यात कमी, म्हणजे ज्या सगळ्यात चांगल्या, त्या शिरोरेघेला द्या. आकृत्या ब्लेंडर या 3डी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रोन शोसाठीचं स्कायब्रश स्टुडिओचं ॲड-ऑन टाकून करता येतात. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना अंतर आणि वेग मर्यादेबाहेर जातो का ते त्यातच कळतं.

उरमोडीकाठ :
हे फारच कामाचं. पण वारा? दरीत संध्याकाळी पानही हलत नाही.

पवनचक्की_चाळकेवाडी :
खाली पान हलत नाही म्हणून वर वारा नाही असं नसतं. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. शोच्या 20 मिनिटं आधी एक ड्रोन 100 मीटरवर दोन मिनिटं थांबवा आणि त्याचा झुकाव बघा. वर 8 मीटर प्रति सेकंदाच्या पुढं वारा असेल तर शो रद्द. हा आकडा तिकिटावरच छापा, नाहीतर त्या क्षणी काउंटरवरची गर्दी निर्णय घेते. एप्रिल-मेमध्ये वळीव यायच्या आधी वारा एकदम सुटतो, कुठंही वीज चमकली की थांबा.

डिसेंबर-जानेवारीत दव. मांडणी तासभर आधी झाली तर वरच्या जीपीएस अँटेनावर आणि दिव्याच्या झाकणावर थेंब धरतात, रंग फिका दिसतो. प्लॅस्टिकचा पातळ कागद टाका, शोच्या 10 मिनिटं आधी काढा. काढलेले मोजा, नाहीतर एक कागद घेऊनच ड्रोन उडेल.

तीन_फेज :
बॅटरी : 3 सेलची 4000 एमएएच म्हणजे 44 वॉट-तास. 100 बॅटऱ्यांना साडेचार युनिट, वाया जाणारं धरून सहा. एका तासात सगळ्या भरायच्या तर भार 6 किलोवॉटच्या आसपास येतो, 10 केव्हीएचं जनरेटर हाताशी ठेवा. उड्डाण 15 मिनिटांचं असलं तरी शो 10 मिनिटांच्या वर नेऊ नका, उरलेल्यात उतरायचं असतं.

दर शनिवारी म्हणजे मधे सहा दिवस. पूर्ण भरून ठेवलेल्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या फुगतात. शो रद्द झाला तर त्याच रात्री दर सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. ड्रोन 110 हवेत, 10 राखीव.

विकत घ्यायचे तर तयार परदेशी ड्रोनची आयात 9 फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे, सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही नाही. इथंच बनलेले बघा. ड्रोन नियम 2021 प्रमाणं प्रत्येक ड्रोनला स्वतंत्र नोंदणी क्रमांक लागतो. 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर व्यावसायिक शोसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि तिसऱ्या पक्षाचा विमाही हवा. हिरव्या क्षेत्रात (सरकारी नकाशावर ड्रोनला मोकळा ठेवलेला भाग) 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण कराडचा विमानतळ त्याच बाजूला आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आधी जागा टाकून बघा आणि तीच तपासणी शोच्या दिवशी पुन्हा करा. मोठ्या सभेसाठी वगैरे पोलिस अधीक्षक दर्जाचा अधिकारी 96 तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र (परवानगीशिवाय उड्डाण बंद) जाहीर करू शकतो. पोलिस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्याच. पहिला हंगाम भाड्यानं करा, भाड्यानं देणाऱ्यांची माणसं चार्जिंग आणि मांडणी कशी करतात ते बघून मग विकतचं ठरवा.

कंपास_बिघडला :
उसाचं राहिलं. 10-12 फूट वाढलेल्या उसात पडलेला ड्रोन रात्री सापडत नाही. सेटिंगमध्ये पडल्यावर लाल दिवा आणि बझर चालू राहील असं ठेवा, शेवटची जीपीएस जागा लॅपटॉपवर दिसते तिथून शोधायला सुरुवात करा. तोडणी झालेल्या रानात उलट भीती पाचटाची, फुटलेली लिपो कोरड्या पाचटात पडली तर फड पेटतो. रानाच्या कडेला 5 मीटरचा पट्टा नांगरून घ्या, वाळूच्या चार बादल्या आणि पाण्याचा टँकर उभा ठेवा. शेजारच्या शेतकऱ्याला तारखा आधी सांगा. त्यानं त्याच संध्याकाळी पाचट पेटवलं तर धुरात तुमची शिरोरेघही दिसायची नाही.

उरमोडीकाठ :
शेजारी आमचे चुलतेच आहेत, तरी लेखीच कळवतो.