मदत हवी आहे: स्टॉपलॉस चार्ट बघून लावायचा की जोखीम-नफ्याचा रेशो बघून?

नमस्कार मंडळी. मी डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन) छोटे स्विंग सौदे, म्हणजे काही दिवसांचे, करतो. समजा शेअर ५०० ला आहे, अलीकडचा तळ ४९२, म्हणून स्टॉपलॉस (तोटा आवरायला विकून टाकायचा भाव) ४९०. जोखीम १० रुपये. १:२ (जोखमीच्या दुप्पट नफा) धरलं तर टार्गेट ५२०. पण रेझिस्टन्स (वर जाताना भाव जिथे अडतो) ५१२ लाच! मग मी स्टॉपलॉस ओढून ४९४ वर आणतो. कागदावर १:२ झकास जमतं, आणि भाव तळाला शिवून वर जाताना मला बाहेर फेकून जातो.

खर्च सोडला तर १:२ मध्ये तीनातला एक सौदा जमला तरी मुद्दल टिकतं, हे कळतं. अडतं ते एंट्रीला. असा सौदा तुम्ही सरळ सोडता, की ४९७ ची लिमिट ऑर्डर (भाव तिथे आला तरच खरेदी) लावून थांबता? एसटीटी (सौद्यावरचा कर), ब्रोकरेज धरूनच रेशो काढता का?