सायकलवरून खिंड ओलांडलीत? त्या दिवसाबद्दल लिहा

काल पुतण्यानं तंगलांग ला या खिंडीच्या पाटीला मोटरसायकल टेकवून काढलेला फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "ईझी होतं काका." ईझी म्हणे! पाटी बघूनच मला धाप लागली.

मनाली-लेह सायकलनं केलं त्यातला हा दिवस. डेब्रिंगहून उजाडता उजाडता निघालो. चढ तसा अंगावर येणारा नाही, आपले सह्याद्रीतले घाट याहून उभे. पण ५००० मीटरच्या वर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. तिथं सगळ्यात अवघड काम कुठलं? पाणी पिणं. एक घोट घ्यायचा म्हणजे एक श्वास बुडवायचा, आणि तो बुडालेला श्वास वसूल होईपर्यंत नुसतं हाश्शहुश्श. शेवटी मी पाय टेकायचो, पाणी तोंडात धरून नाकानं दोनतीनदा श्वास घ्यायचो आणि मग गिळायचो. सगळ्यात हलक्या गिअरवर ताशी पाचेक किमी. एवढ्या कमी वेगात हँडल सरळ राहत नाही, सायकल रस्ताभर झोकांड्या खाते. मागचा ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबून राहिला, त्याचं भलं होवो.

पाटीवर १७,५८२ फूट. फोटो वगैरे झाले. पण मला चढापेक्षा रुमत्सेकडचा उतार जास्त आठवतो. बनियन घामानं ओला, समोरून वारा, बोटं इतकी बधिर की ब्रेक दाबलाय की नाही ते डोळ्यांनी बघायचं. चारदोन वळणं झाली की थांबायचं, हात काखेत घालायचे, पुन्हा निघायचं.

तुमचंही येऊ द्या. कुठलीही खिंड चालेल.

गिअर नं. १
गाटा लूप्स!! २१ वळणं. मोजायची नाहीत असं ठरलेलं, तरी जोडीदार मोठ्यानं मोजत होता. चौदाव्याला जुंपली आमची.

रिकामटेकडी
तिथंच ना ते भूत? तहानेनं मेलेला ट्रकचा क्लीनर, लोक त्याला पाण्याच्या बाटल्या वाहतात?

गिअर नं. १
हो तिथंच. बाटल्यांचा ढीग आहे नुसता. भुताची तहान केव्हाच भागली असेल, प्लास्टिक कोण उचलणार?

उलटा वारा
नाल्यांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. झिंगझिंगबारच्या पुढे बूट गळ्यात, सायकल खांद्यावर आणि पाण्याखालचे गोटे दिसत नाहीत. त्याच वेळी पलीकडून एक परदेशी सायकलवाला उतरला. मधोमध गाठ पडली. दोघांचेही हात अडकलेले, म्हणून नुसत्या मानेनं रामराम. बॅगा न्यायला दोघांनाही परत फेरी होतीच, त्यामुळे दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा जुनी ओळख!
बाकी २०२० ला रोहतांग खिंड टाळणारा अटल बोगदा सुरू झाला आणि लेहचे ट्रक तिकडून जायला लागले. आता रोहतांग सायकलला बरा.

शुभमची आई
नमस्कार. मी सायकल चालवत नाही. मुलगा जुलैत याच रस्त्यानं जाणार आहे. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. विरळ हवेचा कितपत त्रास होतो?

पांढरा कोट
काकू, घाबरू नका, पण त्याला घाई करू देऊ नका. ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वसाधारण नियम. या रस्त्यावर तो पाळणं अवघड जातं. जिस्पाहून थेट सर्चू गाठलं की एका दिवसात हजारभर मीटर वर. म्हणून जिस्पाला एक दिवस जास्त काढायला सांगा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर चढायचं नाही. सरळ रेषेत चालता येईना झालं तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि हे सोबतच्या पोरांनाही माहीत हवं, कारण ज्याला होतं तो "मी ठीक आहे" असंच म्हणत असतो.

नवा भिडू
एवढ्या उंचीवर टायर फुटतात म्हणे? हवा कमी करून निघायचं का?

उलटा वारा
नाही रे. बाहेरचा दाब निम्मा झाला तरी गेजवर फार तर ७ पीएसआय वाढतात, त्यातलेही काही थंडीनं कमी होतात. ट्यूब फुटते ती उतारावर. रिम ब्रेक असेल आणि सतत दाबून धरला तर रिम तापते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

रिकामटेकडी
मी बारालाचा पास जीपमधून पाहिलाय. तोही अर्धा, बाकीचा पिशवीत तोंड घालून 😄

शुभमची आई
पांढरा कोट, खूप आभार. त्याला वाचायला पाठवलं. अजून एक विचारू का? त्याच्या सायकलच्या चड्डीला आतून गादी असते म्हणतो, खरंय का? मी दोन जाड विजारी भरल्यात बॅगेत.

गिअर नं. १
खरंय काकू. विजारी काढा, हातमोजे भरा. दोन जोड.

शुभमची आई
एक विजार राहू दे.